सासूबाईंची हनुवटी

मला धीर नाही, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले आणि सगळे वेळेवर दिले, ते धीर नसल्यामुळेच. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर अर्धवट पडलेली मला बघवत नाही. अशा बाईच्या हातात लेकीनं कागदाचा लगदा दिला. या कामात करायचं काय, तर भिजवून ठेवा, गाळून ठेवा, दाबून ठेवा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. पोटच्या पोरीनं आईची एवढी परीक्षा बघावी का, असं मी तिला विचारलंसुद्धा.

लेक लांब असते आणि फोनवरून आमचा संसार चालवते. "आई, बाबांना हाताचं काहीतरी काम दे. नुसतं बसवून ठेवू नकोस."

"मी कुठे बसवलंय? त्यांचे ते बसलेत."

ते खरं होतं. ह्यांचे डोळे गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पडद्याचा आजार होता. आधी मधलं दिसेनासं झालं, मग कडेचं. आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. चाळीस वर्षं हे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायचे. डॉक्टरांकडून तोंडाचं माप यायचं, हे त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचे आणि त्या जबड्यावर कवळी बेतायचे. आमचं निम्मं शहर ह्यांच्या दातांनी जेवतं, असं मी लोकांना सांगायची आणि हे कानापर्यंत लाल व्हायचे. डोळे गेल्यावर हे खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले, ते बसलेच. चिडचिड नाही, आदळआपट नाही. चहा दिला की घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. माणूस इतका शहाण्यासारखा वागायला लागला की भांडायचं तरी कुणाशी? माझे दिवस फार वाईट जात होते.

त्यातच एक दिवस सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "तुझा चेहरा पुसत चाललाय."

"म्हणजे?"

"आठवायला गेलं की नाक आठवतं. डोळे आठवतात. कपाळ आठवतं. पण सगळं मिळून तू होत नाहीस. लेक पूर्ण होते, फोटोतली का होईना. तू होत नाहीस. रोज बघत होतो ना, म्हणून तुला कधी पाठ केलं नाही."

मी म्हटलं, "बरंच झालं. यापुढे मी तुमच्यासाठी पंचवीस वर्षांची." डोळे गेले ते गेलेच, त्याला आमचा इलाज नव्हता. आता मी पण जाणार होते, तीही समोर बसल्या बसल्या.

ह्यांनी हात पुढे केला. त्यांना माझं तोंड चाचपून बघायचं होतं. मी मान मागे घेतली आणि कपबशा उचलून आत गेले. खरं कारण सांगते. ह्या दीड वर्षात मी निम्मी झाले होते. गाल आत गेले होते, गळ्याची कातडी लोंबायला लागली होती, कवळी सैल होऊन बोलताना वाजत होती. ह्यांनी मला शेवटचं नीट पाहिलं तेव्हा मी चांगली गुटगुटीत होते. तीच त्यांच्यापाशी राहू दे, अर्धीमुर्धी का होईना, असं मला वाटलं. त्यानंतर दोनदा ह्यांनी विचारलं. दोन्ही वेळा मी विषय बदलला. मग त्यांनी विचारणंच सोडलं.

तर लगदा. लेकीनं सांगितल्याप्रमाणे मी रद्दीचे नखाएवढे तुकडे केले, रात्रभर पाण्यात ठेवले आणि सकाळी मिक्सरमधून काढले. वर्तमानपत्राची शाई सुटून सगळं राखेच्या रंगाचं झालं. साचा म्हणून साबणाची डबी घेतली, कारण तिच्या तळाला पानाची नक्षी होती. त्यात लगदा थापला, तळव्यानं दाबला आणि दर अर्ध्या तासानं वाळला का म्हणून बोट घालून बघितलं. संध्याकाळी राहवेना, तेव्हा ओढून काढला. अर्धा माझ्या हातात आला, अर्धा डबीत राहिला.

"हे घ्या," मी तो तुकडा ह्यांच्या हातावर ठेवला. "तुमच्या लेकीचं हाताचं काम."

ह्यांनी तो उलटासुलटा केला. अंगठा फिरवला. "काय आहे हे?"

"पान आहे."

"कशाचं?"

"झाडाचं. आणखी कशाचं असतं?"

"मला वाटलं, कुणीतरी चावून टाकलेली पोळी." हे म्हणाले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्या माणसाच्या आवाजात खोडी आली. "पाणी हातानं दाबून निघत नाही. स्पंजनं टिपून काढायचं. आणि डबीला आधी काही चोपडलं होतंस का? नाही ना. मग ती कशी सोडेल? तीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतलीस, जरा मापानं वाग की."

मला राग यायला हवा होता. मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले आणि डोळे पुसले. मग बाहेर येऊन म्हटलं, "एवढं कळतंय तर करा स्वतः."

दुसऱ्या दिवशी हे मागच्या खोलीतल्या कपाटाशी गेले. लॅब सोडताना आणलेलं सामान त्यात होतं: प्लास्टरची पिशवी, मेणाच्या पट्ट्या, वाटीसारखं रबरी भांडं, कोरायच्या बारीक सुऱ्या. कुठे काय आहे हे मला विचारावं लागलं नाही. प्लास्टर कालवायला बसले तर पाणी किती हे कानानं ठरवायचे. ढवळताना आवाज जड झाला की पुरे. पाच मिनिटांत भांडं गरम झालं, तसं माझा हात धरून त्यावर ठेवला. "बघ, बसायला लागलं."

पहिला साचा खऱ्या पानाचा झाला. कुंडीतलं जाड पान मातीवर पालथं ठेवलं, भोवती पुठ्ठ्याची भिंत केली आणि वर प्लास्टर ओतलं. घट्ट झाल्यावर पान सोलून काढलं तर प्लास्टरमध्ये शीर न् शीर उतरलेली. त्याला तेलाचा हात दिला. लगदा मी केला, पण ह्यांच्या हुकमानं. छापील कागद बंद, कोरे लिफाफे आणि वह्यांचे समास तेवढे घ्यायचे. माझ्या शिलाईच्या पिशवीतली सुती कात्रणं अगदी बारीक कुटून त्यात घालायची, म्हणजे बळकटी येते. गाळणीतून काढलेला लगदा चिमटीनं थोडा थोडा साच्यात घालायचा, स्पंजनं टिपायचं, पुन्हा घालायचा, पुन्हा टिपायचं. आणि मग हात मागे बांधून बसायचं.

"दोन दिवस साच्याला हात लावलास तर बघ," हे म्हणाले.

"तुम्हाला कसं कळणार?"

"कळेल."

कळलं. मी एका कोपऱ्याला जरा नख लावलं होतं, तर तिथला पानाच्या कडेचा दाता वाकडा आला. हे त्यावरून बोट फिरवत, "इथे कोणी अधीर बाई येऊन गेली" म्हणाले. बाकी पान मात्र सुरेख निघालं. पांढरं, हलकं, शिरांसकट. मी ते खिडकीत धरलं, तर उजेड त्यातून मंद येत होता. हे सांगावं की नाही असा प्रश्न पडला, पण सांगितलं. हे म्हणाले, "असणारच. पातळ ठेवलंय मी."

मग आम्हाला नादच लागला. शिंपले केले, नासपती केली, पिसं केली. मासा केला, त्याची शेपटी तीनदा साच्यात तुटून राहिली. हे म्हणाले, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असं काही केलं की ते बाहेर येत नाही, दातांचंही तसंच असतं. मग शेपटी जरा उघडी केली आणि मासा सुटला. भिंतीवर मी दोरी ताणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सगळं टांगलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई एकदा साखर मागायला आल्या, त्या साखर विसरून चार मासे घेऊन गेल्या. त्यांच्या हॉस्पिटलातल्या लहान मुलांच्या वॉर्डात खिडकीला लावले म्हणे. ह्यांनी त्या रात्री दुप्पट जेवण केलं. आम्ही पुन्हा भांडायला लागलो, लगदा जाड का पातळ, स्पंज कुणी पिळला नाही, ओट्यावर प्लास्टर कुणी सांडलं. घरात माणसं राहतात असं वाटायला लागलं.

साधारण दोन महिन्यांनी हे म्हणाले, "आता तुला करतो."

मी चिमटे लावता लावता थांबले. "मला कशाला? शिंपले चांगले होतात की."

"तोंडाला हात लावणार नाही, घाबरू नकोस. तुझे जबडे आहेत ना. कवळी केली तेव्हाचे. चेहरा दातांवर उभा असतो. जबडा हातात आला की ओठ कुठे, गाल कुठे, हनुवटी कुठे, ते मला लावता येईल. बाकीचं आठवेल." मग जरा थांबून म्हणाले, "निदान आठवेल असं वाटतंय. आणखी उशीर केला तर तेही जाईल."

माझे दात लवकर गेले. बारा वर्षांपूर्वी ह्यांनी मला पूर्ण कवळी करून दिली. त्या वेळचे प्लास्टरचे जबडे कपाटाच्या वरच्या खणात पत्र्याच्या डब्यात होते. घरच्यांचे जबडे ह्यांनी कधी टाकले नाहीत. मी स्टुलावर चढले. डबा हाताला लागला, तो खाली काढून दिला. ह्यांनी झाकण उघडून वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर बसवला, मेणानं जोडला आणि मातीचं काम सुरू केलं.

आठ दिवस लागले. मी बघायचं नाही असा नियम होता, आणि मी तो पाळला, कारण मला बघायची भीती वाटत होती. हे ओल्या फडक्याखाली ते झाकून ठेवायचे. काम करताना स्वतःशी पुटपुटायचे. एकदा मी आतून ऐकलं: "असं नाही. असं नव्हतं." मग त्यांनी मातीवरून प्लास्टरचा साचा घेतला, माती कोरून काढली, साचा धुतला आणि मला लगद्याला बोलावलं. मी जीव लावून लगदा केला. या वेळी चार दिवस मी साच्याकडे फिरकलेसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी ह्यांनी कडा सोडवून चेहरा अलगद काढला आणि माझ्या हातात दिला. "बघ. जमलीस का?"

कपाळ माझं. भुवया माझ्या. नाक माझंच, मधे जरा बसकं. आणि नाकाखाली सासूबाई.

मी काही भलतंसलतं सांगत नाही. मिटलेले ओठ, डावीकडे किंचित ओढलेले. माझी शिलाई उलटून बघताना त्यांचे ओठ असेच असायचे. आणि ती हनुवटी, पुढे आलेली. तेवीस वर्षं त्या हनुवटीसमोर मी पाणी भरलं. त्या जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज कागदाच्या होऊन माझ्याच चेहऱ्याखाली येऊन बसल्या.

क्षणात मला उमगलं. सासूबाईंचीही कवळी ह्यांनीच केली होती, ती त्यांना शेवटपर्यंत टोचली. त्यांचेही जबडे कपाटात होते, तसल्याच डब्यात. भिंतींना रंग दिला तेव्हा मीच तो खण रिकामा केला होता आणि मीच घाईघाईनं परत भरला होता. दोन्ही जबडे बिनदाती. हिरड्यांवर काय नाव लिहिलेलं असतं?

हे वाट बघत होते. मान जरा वर, ओठ उघडे, दोन्ही हात गुडघ्यांवर. बारा-तेरा दिवसांचं काम होतं. त्या हातांनी दीड वर्ष काही केलं नव्हतं. मी म्हटलं, "जमले की. अगदी मीच."

"हनुवटी बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

ह्यांनी तो चेहरा आपल्या खुर्चीशेजारी हाताच्या उंचीवर खिळ्याला लावून घेतला. दुपारी हे झोपल्यावर मी स्टुलावर चढून पाहिलं. मागच्या बाजूला दुसरा डबा होता आणि त्यात माझे जबडे होते. मी ते हातात घेऊन स्टुलावरच बसून राहिले. आता सांगावं तर त्यांच्या कामावर पाणी. न सांगावं तर काय, ते मला लगेच कळलं नाही. दोन-तीन दिवसांत कळलं.

रोज सकाळी खुर्चीत बसायच्या आधी हे त्या चेहऱ्यावरून बोटं फिरवायचे. कपाळापासून खाली. हनुवटीपाशी बोटं थांबायची. एक दिवस म्हणाले, "गंमत आहे. तुझी हनुवटी मला गोल आठवत होती. आता ही पक्की झाली डोक्यात." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ओठ तुझे जरा करारीच म्हणायचे." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता डोळे मिटले की ही येते. पूर्ण येते."

माझ्या अंगाची आग झाली. मी गोल हनुवटीची बाई. लग्न झालं तेव्हापासून गोल हनुवटीची. मला पुसून तिथे सासूबाई येत होत्या, आणि जागा मीच त्यांना करून दिली होती. आधी स्टुलावरून चुकून, आणि मग तोंडानं, जाणूनबुजून. जिवंत असताना स्वयंपाकघर त्यांचं होतं, ते मी सोसलं. आता ह्यांच्या डोक्यातली माझी एवढीशी जागा, तीही त्यांना द्यायची?

लेकीनं फोनवरून सगळं दाखव म्हणून हट्ट धरला. मी भिंत दाखवली, मासे दाखवले, आणि चुकून फोन खुर्चीकडे वळला.

"अगं आई, ही तर आ–"

मी फोन बंद केला. मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा लावला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "एक अक्षर बोलायचं नाही." लेक दात काढून हसत होती. हसणं थांबल्यावर म्हणाली, "पण आई, बाबांना वाटतंय ती तू आहेस?" मी हो म्हटलं. "मग सांग ना त्यांना," म्हणाली. सांग म्हणायला काय जातंय.

तीन आठवडे मी गिळलं. चौथ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ, ऊन टेबलावर आलं होतं. मी लिफाफे फाडत होते. हे खुर्चीपाशी आले, चेहऱ्यावरून हात फिरवला, हनुवटी दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "काय मग, आज काय बेत?"

त्या चेहऱ्याला म्हणाले. मला नाही.

"ती मी नाही," मी म्हटलं.

ह्यांची बोटं तिथेच राहिली. "मग कोण आहे?"

"तुमची आई आहे. नाकापर्यंत मी आहे आणि खाली तुमची आई आहे. डबा चुकला. मी चुकवला. रंगाच्या वेळी डबे मीच हलवले होते आणि मी बघितलं नाही, मला घाई होती, मला नेहमीच घाई असते. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, कारण तुम्ही असे बसला होतात की माझ्यानं नाही म्हणवेना. पण आता मला सहन होत नाही. माझी हनुवटी गोल आहे. काय वाटेल ते विसरा, पण मला अशी विसरू नका."

एवढं बोलून मला धाप लागली. हे खुर्चीत बसले. मला वाटलं, मोडला माणूस. आणि हे हसायला लागले. आवाज न करता, पोट हलवत, लॅबमध्ये कुणाची गंमत केली की हसायचे तसे.

"हसताय काय?"

"आईची खालची हिरडी उजवीकडे बसकी होती," हे म्हणाले. "त्यामुळेच ती कवळी तिला टोचायची. सहा वेळा घासून दिली मी. डब्यातून काढली तेव्हा लक्षात आलं नाही, खोटं कशाला बोलू. पण हनुवटी लावायला घेतली आणि ती गोल बसेचना. मग पुन्हा चाचपून बघितलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अर्ध्यातच कळलं."

"मग पुढे कशाला केलंत?"

"मला बघायचं होतं तू काय म्हणतेस. तू म्हणालीस, अगदी मीच. म्हटलं, ठीक आहे. बायको समोर येत नाही ना, आपण आईला पुढे करू. आई पुढे आली की ही किती दिवस मागे राहते बघू." हे डोळे पुसत होते. "मला वाटलं होतं, आठवडाभरात फुटशील. तुझ्यात एवढा धीर असेल असं वाटलं नव्हतं."

मी हातातले लिफाफे त्यांच्या अंगावर फेकले. "लाज वाटत नाही? मला तीन आठवडे घोळवत ठेवलं. रोज हनुवटी काय, करारी ओठ काय, डोळे मिटले की येते काय."

"येत नाही गं," हे म्हणाले, आणि आता हसत नव्हते. "कुणीच येत नाही. आता नाकही येईनासं झालंय. मागितलं तर तू हात लावू दिला नाहीस. आणखी मागायची मला लाज वाटली. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोपाशी भीक मागितल्यासारखं वाटलं."

खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी टेबलावरचे कागद गोळा केले. गोळा करून झाले, तरी उगाच गोळा करत राहिले. मी त्यांच्या डोक्यातली माझी आठवण जपत होते म्हणे. जपत कसली, मी त्यांना दाराबाहेर उभं केलं होतं.

"मी आता तशी राहिले नाही," मी म्हटलं. "ऐकताय ना? मी वाळून काडी झालेय. गालात खड्डे पडलेत. हाताला जे लागेल ते तुम्हाला आवडायचं नाही."

"मी आयुष्यभर म्हाताऱ्यांचीच तोंडं केली. मला सांगतेस?"

मी आत गेले. तोंड धुतलं, पुसलं, केस मागे बांधले. आरशात पाहिलं, पाहण्यासारखं काही नव्हतं. बाहेर येऊन खुर्ची त्यांच्या समोर ओढली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसले. ह्यांनी हात चोळून गरम केले. मी डोळे मिटले.

हात काही लागला नाही. मी डोळे उघडले. हे तसेच बसले होते.

"कवळी काढून ये आधी," हे म्हणाले. "ती मी केलेली आहे. मला पाठ आहे. तुझं जे आहे ते दाखव."

बारा वर्षांत मी ह्यांच्यासमोर कवळीशिवाय एकदाही बसले नव्हते. मी उठले, कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली आणि परत येऊन बसले.

हे कपाळापासून निघाले. सावकाश, बोटभर, आणखी बोटभर. भुवया, पापण्या, नाक. गालांपाशी आल्यावर बोटं आत गेली आणि तिथे बराच वेळ राहिली. मग ओठ, ते तर आता आत वळलेलेच होते. मग हनुवटी. ती दोन्ही बाजूंनी तळव्यात धरून हे म्हणाले, "गोल आहे."

मी मान हलवली. कवळीशिवाय मला धड बोलता येत नाही.

"किती वाळलीस गं. बोलली नाहीस कधी."

हात खाली घेतले नाहीत. मी पण मान मागे घेतली नाही. टेबलावर पातेल्यात कालचा कागद भिजत पडला होता, उन्हानं पाणी कोमट झालं असेल. दुपार होईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो, आणि मला एकदाही घाई झाली नाही.